उजव्या हातावरचे तीन पट्टे

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात लिहायची वही एकच होती. वही माझी, पण तिचं शेवटचं पान आईच्या ताब्यात होतं. आईला लिहिता येत नव्हतं. भाकरी थापता थापता ती मध्येच थांबायची, पिठाचा हात वर धरायची आणि म्हणायची, "कमल, लिही." मी लिहायचे. ‘कुंकू लावून आलेलं चालतं का?’ पुन्हा थापण्याचा आवाज. भाकरी तव्यावर पडली की पुढचा प्रश्न. ‘डब्यात भाकर चालती का पावच आणावा लागतो?’ ‘नाव हाय तेच ठेवत्यात का?’ ‘चूक झाली तर गुडघ्यावर किती वेळ बसवत्यात?’ हे सगळे प्रश्न दौंडच्या मिशन शाळेतल्या सिस्टरांना विचारायचे होते. चौथी झाल्यावर मला त्यांच्या शाळेत घालायचं की कुरकुंभच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतच ठेवायचं, हे आमच्या घरात दोन महिन्यांत ठरायचं होतं.

आज मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. यादी केल्याशिवाय मला सुचत नाही. बाजाराची यादी, औषधांची यादी, पाहुणे येणार असतील तर अंथरुणांची यादी. घरातले हसतात. त्यांना मी सांगते, ही सवय आईची आहे. तिला अक्षर येत नव्हतं आणि ती माझ्यापेक्षा चांगली यादी करायची. त्या पानावर एकही प्रश्न दोनदा आला नव्हता आणि एकही फुकटचा नव्हता.

हमरस्त्याला लागून पत्र्याच्या आठ खोल्या एका ओळीत होत्या, त्यातली तिसरी आमची. एका भिंतीला भांड्यांची मांडणी, दुसरीला दादांची सायकल आणि उरलेल्या जागेत आम्ही तिघं. वडिलांना मी दादा म्हणायचे. कारखान्याचा भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा आणि आठही खोल्यांचा स्वयंपाक त्यावर चालायचा. वारा कारखान्यांच्या बाजूनं फिरला की सडक्या फळासारखा गोडसर वास यायचा आणि आई उठून पाण्याचा हंडा झाकायची. शेजारच्या खोलीत बिहारकडचे चार कामगार होते. ते आईला भाभी म्हणायचे आणि आठवड्यातून दोनदा मीठ मागायचे. सुट्टीच्या दिवशी आई हुलग्याची शेंगोळी करायची. पिठाच्या वळ्या बोटावर वळून लसणाच्या उकळत्या पाण्यात सोडायची. त्या वासानं कारखान्याचा वास तासभर तरी घराबाहेर थांबायचा. त्या चौघांनी एकदा शेंगोळी खाल्ली आणि मग मिठाचा बहाणा नेमका सुट्टीच्या दिवशीच येऊ लागला.

आमचं मूळ घर शिरूर तालुक्यातलं, कवठे येमाईचं. आम्ही मेंढरांमागचे धनगर. माझे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, तेव्हाही कळप घेऊन फिरत होते. दादा घरातले पहिले, ज्यांनी काठी ठेवली आणि कारखान्याचा बिल्ला लावला. आबा त्यावर रागावले नव्हते. एवढंच म्हणाले होते, "तिथं छपराखाली काम हाय, पावसात भिजणार न्हाई." कळप कुरकुंभच्या जवळपास आला की आबा चरवीभर मेंढीचं दूध पाठवायचे. त्याचा चहा इतका दाट व्हायचा की बशीत ओतला तर जागचा हलायचा नाही.

सिस्टरांच्या शाळेचं दादांच्या डोक्यात शिरलं ते पिंपांमुळे. कारखान्यात ते पिंपं हलवायचं काम करायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते रंगावर चालायचे. निळं पिंप या टाकीला, पिवळं त्या टाकीला. एक दिवस माल दुसरीकडून आला आणि पिंपांचे रंग बदलले. दादा निळं पिंप घेऊन नेहमीच्या टाकीवर गेले. शेजारच्या बिहारी कामगारानं वरचं इंग्रजी लेबल वाचलं आणि त्यांचा हात धरला. पुढं काही झालं नाही. पण दादा घरी येऊन जेवले नाहीत. भिंतीला टेकून बसले आणि आईला म्हणाले, "मेंढरं रंगावरून वळखायची सवय हाय मला. हितं रंग बदलत्यात. अक्षरं बदलत न्हाईत."

दुसऱ्याच दिवशी ते दौंडला जाऊन चौकशी करून आले. सिस्टरांची शाळा मुलींची होती, मराठीच होती, पण पाचवीपासून इंग्रजी बोलून शिकवायचे. प्रवेशाला लेखी परीक्षा होती.

"हितल्या शाळेत काय वंगाळ हाय?" आई म्हणाली. "गुरुजी पोरीला वळखत्यात, मला वळखत्यात. तिथं आपल्याला कोण वळखतंय?"

"इंग्रजी शिकंल ती."

"इंग्रजी काय भाकर वाढणार हाय?"

"मला वाढली असती," दादा म्हणाले. आईनं वहीचं शेवटचं पान मागून घेतलं ते त्या संध्याकाळी.

इथल्या शाळेत खरंच वाईट काही नव्हतं. सात वर्ग, चार शिक्षक आणि एक कडुनिंब. आमचे पवार गुरुजी दोन वर्ग एकत्र घेऊन बसायचे. फळा एकच, म्हणून चौथीला गणित ते तोंडीच घालायचे. झाडांना पाणी घालायला आम्हाला पाठवायचे आणि मागून ओरडायचे, "सतरा चोक?" उत्तर येईपर्यंत बादली खाली ठेवायची नाही. दादांनी परीक्षेचं सांगितलं तेव्हा गुरुजींनी शाळा सुटल्यावर मला रोज एक तास थांबवून घ्यायला सुरुवात केली. आईला ते बघवेना. ती त्यांच्यासाठी शेंगोळी घेऊन गेली आणि सरळ म्हणाली, "गुरुजी, पोरगी गेली तर तुमचा पट कमी व्हईल. आन् तुम्हीच तिला जायला शिकवताय?"

गुरुजी म्हणाले, "वहिनी, पटासाठी पोरं अडवायला लागलो तर मी मास्तर कसला, राखणदार झालो." मग डबा उघडून म्हणाले, "पण तुम्ही ही शेंगोळी पाठवत राहणार असाल तर मात्र मला विचार करावा लागेल."

आणि मला काय हवं होतं? हे मला त्या वेळी कोणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते. मला जायचं होतं. दौंडच्या एसटी स्टँडवर मी त्या शाळेतली एक मुलगी पाहिली होती. निळा झगा, पांढरा सदरा. ती उभ्यानं पुस्तक वाचत होती आणि न बघता पुडीतले शेंगदाणे खात होती. एकही शेंगदाणा खाली पडला नाही. मला तसं व्हायचं होतं. पण आमच्या घरात आबांचा नकार ओलांडायची पद्धत नव्हती. आबा नाही म्हणाले असते तर दादांनी विषय तिथेच सोडला असता, आणि मीही.

आबांचा कळप तेव्हा भांडगावला होता. उन्हाळ्यात मोकळ्या रानात मेंढरं बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं आणि कळपाला जागा. कांदा काढून झालेल्या एका रानात आबांनी वाघर लावली होती, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळ्याचं कुंपण. आम्ही तिघं एसटीनं गेलो. आबा एका मेंढीला मांडीशी धरून तिच्या लोकरीतली कुसळं काढत होते. दादांनी आधी चाऱ्याचं विचारलं, मग कुत्र्याच्या पायाचं विचारलं. शेवटी आबाच म्हणाले, "आता काय ते बोल. येवढ्या लांब कुत्र्याचा पाय बघाया आला न्हाईस तू."

"कमलला दौंडला घालावं म्हणतो. सिस्टरांच्या शाळेत."

"मिशनच्या?"

"व्हय."

आबांनी दोन कुसळं काढली. "त्यांचा देव येगळा."

"व्हय."

"रोज त्येचं गाणं म्हणायला लावत्यात?"

"सकाळी प्रार्थना असती म्हणं."

"आन् समद्या पोरी येका रंगाच्या कापडात?"

"व्हय, आबा. निळा आन् पांढरा."

"मग त्यातली आपली कंची, हे कसं वळखायचं?"

दादा हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी मांडीशी धरलेल्या मेंढीचा कान आमच्याकडे वळवला. कानाला खाच होती. पाठीवर गेरूचे तीन आडवे पट्टे होते. साऱ्या कळपाला तेच. "पाणवठ्यावर दोन कळप येक व्हत्यात," ते म्हणाले. "व्हणारच. पाणी येकच असतं. तवा आपण मेंढरांना पाणी पाजायचं सोडतो का? न्हाई. खूण असली की भांडण न्हाई. ज्येचं त्येला मिळतं." त्यांनी मेंढी सोडली. ती अंग झाडून कळपात शिरली आणि मला दिसेनाशी झाली. त्यांना दिसत असावी. "पाठवा पोरीला. म्या आडवा येत न्हाई. पण आधी खूण करा."

आईनं पदर सावरला. "मामा, खूण म्हंजी?"

"गोंदण. आन् काय? कान कापाया सांगतोय व्हय?"

मी या प्रसंगाकडे आज माझ्या वयातून बघते तेव्हा मला आबांचा राग येत नाही. एखादं माणूस हातातून जाईल असं वाटलं की लोक दार बंद करतात. आबांनी दार उघडं ठेवलं आणि त्यांना जी एक गोष्ट करता येत होती ती करायची ठरवली. परीक्षेला तेव्हा पाच दिवस होते. ते एकाही मोठ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही, कारण पाच दिवसांचा आणि गोंदणाचा काही संबंध असेल असं कोणाला वाटलंच नाही.

आबा मला कवठ्याला घेऊन गेले. बाजारच्या दिवशी तिथं एक म्हातारी गोंदणारीण बसायची. पुढ्यात वाटीत काजळीचा काळा रस, एका काडीला बांधलेल्या तीन सुया आणि एक फडकं. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "काय काढू, बाई? तुळस काढू? मोर काढू?"

"तीन पट्टे," आबा म्हणाले. "आडवे."

"पट्टे? आवं आबा, मेंढरू न्हाई त्ये. पोरगी हाय. तुळस काढते, लई ग्वाड दिसंल."

"तुळस समद्यांच्याच हातावर हाय. त्यात आमची कंची ते कसं कळायचं?"

म्हातारीनं माझ्याकडे बघून मान हलवली. "तुझा आजा येडा हाय का गं?"

"न्हाई," मी म्हणाले. "मेंढरं राखतो."

"त्येच विचारलं म्या," ती म्हणाली आणि सुया रसात बुडवल्या. "कंचा हात?"

आबांनी क्षणभरही विचार केला नाही. "उजवा. वाढायचा, पाणी द्यायचा हात. चारचौघांत तोच पुढं येतो."

सुयांचा आवाज मला अजून आठवतो, चामड्यावर टकटक केल्यासारखा. मी आबांच्या घोंगडीचं टोक दातात धरलं होतं. लोकरीला दुधाचा आणि धुराचा वास होता. दुसरा पट्टा निम्मा झाला तेव्हा मी रडले. तिसऱ्याला रडणं थांबलं, कारण हात माझा राहिलाच नव्हता. नंतर आबांनी मला गोडीशेव घेऊन दिली आणि ती मी डाव्या हातानं खाल्ली. तरी आमच्या दोघांच्याही लक्षात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला कुरकुंभला पोचवलं. तिसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजला. आईनं हळद लावली, एरंडाचं तेल लावलं. बोटं दुधीच्या भाजीतल्या फोडींसारखी फुगली. अंगात ताप आला. गुरुजी शेवटची उजळणी घ्यायला घरी आले आणि दारातच थांबले.

"हे काय?"

"गोंदलंय," आई म्हणाली. "मामांनी सांगितलं, तिकडं जायच्या आधी खूण पायजे."

"अहो, पण लिहायचा हात आहे तो!"

दादांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग आईकडे. मला तो क्षण फार स्पष्ट आठवतो, कारण आम्हा तिघांच्या ध्यानात ती गोष्ट एकदमच आली. आमच्या घरात उजवा हात जेवायचा होता, वाढायचा होता, काठी धरायचा होता. लिहायचा हात असा काही आमच्या घराण्यात तोपर्यंत नव्हताच. तो पहिला हात माझा होता आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तो सुजवून ठेवला होता.

गुरुजींनी माझ्या डाव्या हातात पेन्सिल दिली. मी ‘कमल’ लिहिलं तर ते कोंबडीच्या पायांसारखं उमटलं. गुरुजींनी ते पान उलटं केलं आणि म्हणाले, "लिहिणं राहू दे. तेवीस चोक?"

"ब्याण्णव."

"उद्या जा," ते दादांना म्हणाले. "तिथं काय म्हणतात बघा. घरी बसून नापास होऊ नका."

सकाळी आम्ही दौंडला उतरलो तर शाळेच्या फाटकाशी आबा उभे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. हात सुजल्याचा निरोप बिहारी कामगारांच्या ओळखीच्या ट्रकवाल्यानं भांडगावला पोचवला होता. आबांनी माझा हात बघितला आणि स्वतःच्याच काठीकडे बघत राहिले. आत त्यांना कोणी खुर्ची दिली तर बसेनात.

टेबलामागे सिस्टर मार्था होत्या. उंच, वयस्क, पायात रबरी चपला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या इंग्रजी बोलतील या भीतीनं आई माझ्या मागे उभी राहिली. सिस्टर म्हणाल्या, "काय गं पोरी, हात का असा धरलाय? काय चावलं?" त्या नगरकडच्या एका खेड्यातल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांनी माझ्या हातावरचं फडकं सोडलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "परीक्षेच्या तोंडावर हे कोणी केलं?"

दादा घसा साफ करत होते. तेवढ्यात मागून आबा पुढं आले. "म्या केलं. तुमच्यापायी."

"आमच्यापायी?"

"पोरगी तुमच्या कळपात देतोय. उद्या तुमचीच म्हणून ठेवली तर? म्हणून आमच्या कळपाची खूण केली."

आईनं पदर तोंडावर घेतला. दादा जमिनीकडे बघू लागले. मला वाटलं, संपलं. आता घरी जायचं.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्या खरंच विचारात पडल्या. "आणि आबा," त्या म्हणाल्या, "खूण केलेलं मेंढरू दिवसभर दुसऱ्याच्या कळपात चरलं, तर चालतं?"

"चरंना. पाणी पिऊ दे, चरू दे. सांजच्याला आमचं आमाला घावलं पायजे."

"सांजच्याला शाळा सुटते साडेपाचला. फाटकाशी उभं राहायचं. माझ्याकडं ठेवून घ्यायला जागा नाही, वसतिगृह आधीच भरलंय." त्यांनी किल्ल्या काढल्या. "पण जखम अशी चिघळली तर पोरगी ना तुमची ना आमची. मेंढराला खाच मारली की तुम्ही काय लावता?"

"हळद. आन् राख."

"आणि माशी बसू देत नाही. इथं ते कोणी बघितलं नाही. दोष तुमच्या खुणेत नाही, सुईत आहे. सुया उकळल्या नव्हत्या."

मग त्यांनी मला दवाखान्याच्या खोलीत नेलं, कोमट पाण्यानं हात धुतला, औषध लावलं आणि दादांना बजावलं की परीक्षा झाली की सरळ सरकारी दवाखान्यात इंजेक्शन. तोवर आईनं धीर करून वहीचं शेवटचं पान टेबलावर ठेवलं होतं. सिस्टरांनी चष्मा लावून ते वाचलं आणि एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. "कुंकू चालतं. भाकर चालते, एक जास्त आणली तर मलाही चालते. नाव आहे तेच राहील, नवीन नावं शोधायला इथं वेळ कोणाला आहे?" गुडघ्याच्या प्रश्नाशी त्या थांबल्या. "हे मात्र खरं आहे. पाच मिनिटं. जास्त बसवलं कोणी तर मला येऊन सांगायचं." आईला ते उत्तर सगळ्यांत पटलं. बाहेर आल्यावर ती दादांना म्हणाली, "खोटं बोलायची न्हाई ही बाई."

परीक्षा मी त्यांच्या खोलीत दिली. त्या प्रश्न वाचायच्या, मी सांगायचे आणि त्या लिहायच्या. सुरुवातीलाच त्यांनी ताकीद दिली. "चूक सांगितलीस तर चूकच लिहीन. दया करणार नाही." तोंडी गणिताला मी तयारच होते, कडुनिंबाखाली दुसरं केलं काय होतं? एका गणितात मी घाईनं उत्तर दिलं आणि लगेच म्हणाले, थांबा, चुकलं. सिस्टरांनी एक रेघ मारून पुढं बरोबर उत्तर लिहिलं. "खोडलेलं दिसू दे," त्या म्हणाल्या. निबंध होता ‘माझे घर’. मी भोंगा सांगितला, झाकलेला हंडा सांगितला, भांडगावच्या रानातली वाघर सांगितली.

"अगं, घर नेमकं कुठलं तुझं?" त्यांनी पेन थांबवून विचारलं.

"कवठ्याला एक, कुरकुंभला एक. आणि आबा जिथं असतील तिथं एक."

त्यांनी तसंच लिहिलं. आठवड्यानं फाटकावर लागलेल्या यादीत माझं नाव होतं, खालून तिसरं.

इथे एक गोष्ट लिहायला हवी, कारण ती मला फार उशिरा कळली. त्या वर्षी आमच्या शाळेतून मी एकटीच गेले नाही. माझं बघून आणखी काही घरांनी पोरी दौंडला घातल्या आणि पुढच्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतला एक शिक्षक कमी झाला. पवार गुरुजी दोनाऐवजी तीन वर्ग एकत्र घेऊन बसू लागले. ते मला कधी बोलले नाहीत. आज मी त्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. हमरस्त्यावरून सकाळी पिवळ्या बसची रांग जाते, कुणाची कुठल्या मठाची शाळा, कुणाची कुठल्या मिशनची, कुणाची नुसतीच इंग्रजी. तरुण आया मला विचारतात, ताई, कुठं घालू? मी त्यांना उत्तर देत नाही. कागद देते आणि म्हणते, तुम्हाला कशाची भीती वाटते ते आधी लिहा, आणि मग दोन्ही शाळांत जाऊन ते मोठ्यानं वाचा. जी शाळा न रागावता ऐकून घेईल, तिचा विचार करा. काही जणी आमच्या शाळेत येतात आणि काही जात राहतात. मला दोघींचंही कळतं.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी आबा कुरकुंभला आले. कळप माघारी कवठ्याकडे निघाला होता आणि वाटेत ते अर्धा दिवस आमच्याकडे थांबले. माझा हात तोवर बरा झाला होता. तीन पट्टे निळसर, थोडे फाकलेले. मला दिवसभर एकच प्रश्न छळत होता आणि तो आईच्या यादीत नव्हता. जेवताना मी तो विचारला. सकाळी प्रार्थनेला हात जोडायचे का नाही?

"ओठ हलव," दादा म्हणाले. "मनात आपलं म्हण."

"हात जोड, पण डोळं उघडं ठेव," आई म्हणाली.

मी आबांकडे बघितलं. आबांनी घास खाली ठेवला. "आवंदा भांडगावात कुणाच्या रानात बसलो व्हतो, ठावं हाय? मुलाण्याच्या. त्याच्या बांधावर हिरव्या फडक्याचा दगड. रोज सकाळी वाघर सोडायच्या आधी म्या त्याला हात जोडत व्हतो. त्याच्या आधी वाण्याच्या रानात व्हतो, तिथं नागोबा. त्यालाबी जोडलं. लोकाच्या रानात मेंढरं चारायची आन् त्याच्या देवाला रामराम घालायचा न्हाई, असं कुठं असतंय का?"

"मग जोडू?"

"जोड की. नीट जोड. अर्धं जोडू नगंस."

पण मग मला राहवेना. "मग आबा, हात कशाला गोंदला?"

आईनं माझ्याकडे डोळे वटारले. आबांनी ताटातली एक शेंगोळी बोटानं बाजूला सारली.

"ती खूण तुझ्यासाठी नव्हती, कमळे," ते म्हणाले. "मला भ्या वाटत व्हतं."

एवढंच बोलून ते जेवू लागले. मोठ्या माणसाच्या तोंडून हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात आम्ही रांगांनी उभ्या राहिलो. निळा झगा मला पायात अडकत होता. घंटा झाली, सगळ्या मुलींनी हात जोडले, मीही जोडले, नीट, दोन्ही पंजे पूर्ण जुळवून. गाणं मला येत नव्हतं. आईचं ऐकून मी डोळे मात्र उघडे ठेवले. साऱ्या पटांगणात मिटलेले डोळे होते. फक्त समोर पायरीवर सिस्टर मार्थांचे उघडे होते. त्यांचे ओठ हलत होते, पण गाण्याच्या चालीत नव्हते. त्यांचं बोट झग्याच्या घडीत हळूच पुढं सरकत होतं, एक रांग, मग दुसरी रांग. त्या आम्हाला मोजत होत्या. माझ्यापाशी त्यांची नजर आली, क्षणभर थांबली आणि पुढच्या मुलीवर गेली. मग मीही डोळे मिटले.